विनामूल्य कलादालन आणि लोकांची कलाप्रदर्शने : शिरूर-दौंड परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

कलाप्रदर्शन म्हटले की महाराष्ट्रातील सुशिक्षित वाचकाच्या डोळ्यांसमोर प्रथम मुंबईचे जहांगीर कलादालन किंवा पुण्याचे बालगंधर्व कलादालन उभे राहते. या दोन्ही ठिकाणी प्रेक्षकाला तिकीट काढावे लागत नाही. दार उघडे असते. कोणीही आत जावे, चित्रे पाहावीत आणि बाहेर पडावे. लोकशाही समाजाला शोभेल अशीच ही व्यवस्था आहे. तथापि दार सर्वांसाठी उघडे असूनही सर्व लोक आत का येत नाहीत, आणि ज्यांच्या हातात कला आहे अशा अनेकांची निर्मिती त्या भिंतींपर्यंत का पोहोचत नाही, हा प्रश्न शिल्लक राहतो.

प्रस्तुत निबंधात हा प्रश्न पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील शिरूर व दौंड या दोन तालुक्यांच्या बाजूने पाहण्याचा प्रयत्न केला आहे. घोडनदीच्या काठी पुणे-नगर मार्गावर वसलेले शिरूर ही जुनी बाजारपेठ, तर दौंड हे रेल्वेचे मोठे जंक्शन. पुण्याशी या दोन्ही गावांचा व्यवहार रोजचा आहे. शिक्षण, दवाखाना, कोर्ट-कचेरी, नोकरी यांसाठी येथील माणूस पुण्याला जातो. चित्र पाहण्यासाठी मात्र सहसा जात नाही. याचे कारण केवळ ‘अभिरुचीचा अभाव’ असे सांगून मोकळे होणे सोपे आहे. इतिहास पाहिला असता हे उत्तर टिकत नाही. ‘विनामूल्य’ या शब्दात तीन वेगवेगळे प्रश्न दडलेले आहेत: पाहणाऱ्याला किती खर्च येतो, मांडणाऱ्याला किती खर्च येतो आणि काय मांडावे हे कोण ठरवितो. आपल्या कलादालनांनी पहिला प्रश्न सोडविला. उरलेले दोन बहुतांशी तसेच राहिले. हेच या निबंधाचे मुख्य प्रतिपादन आहे.

दालनापूर्वीचे दर्शन

शिरूर तालुक्याचा कलेशी असलेला संबंध फार प्राचीन आहे. घोडनदीच्या काठावरील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, झै. दा. अन्सारी आणि म. के. ढवळीकर यांची नावे या कार्याशी निगडित आहेत. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातील शेतकऱ्यांची वस्ती येथे उजेडात आली. घरांचे अवशेष, धान्य साठविण्याची सोय, कुंभाराची भट्टी आणि दफने यांबरोबर रंगीत मृद्भांडीही मोठ्या प्रमाणात मिळाली. तांबूस पृष्ठभागावर काळ्या रंगाने काढलेल्या भौमितिक आकृत्या हे जोर्वे संस्कृतीच्या भांड्यांचे वैशिष्ट्य होय. मातीच्या पेटीत ठेवलेली मस्तकविरहित स्त्रीमूर्ती आणि तिच्यासोबतचा मातीचा बैल हा तर अभ्यासकांच्या विशेष चर्चेचा विषय ठरला. ही भांडी दररोजच्या वापरातील होती. त्यांवरील नक्षी पाहण्यासाठी कोणाला वेगळे कोठे जावे लागत नव्हते. आज इनामगावच्या या वस्तूंचा अभ्यास करावयाचा तर पुण्याला जावे लागते. संशोधन व जतन यांसाठी ते योग्यच आहे. पण ज्या तालुक्याच्या मातीतून हा ठेवा निघाला तेथील विद्यार्थ्याला तो बहुधा पाठ्यपुस्तकातील एका ओळीपुरताच ठाऊक असतो.

मध्ययुगात सार्वजनिक कलादर्शनाचे प्रमुख स्थान मंदिर हे होते. दौंड तालुक्यातील यवतपासून जवळच, पुरंदर तालुक्याच्या हद्दीत असलेले भुलेश्वराचे यादवकालीन मंदिर हे याचे उत्तम उदाहरण आहे. तेथील शिल्पपट, सुरसुंदरी आणि गणेशाचे स्त्रीरूप मानली जाणारी मूर्ती पाहण्यासाठी अभ्यासक आज दुरून येतात. परंतु श्रावणात दर्शनाला येणारा भाविक पिढ्यान्‌पिढ्या ही शिल्पे पाहत आलेला आहे. त्याला शिल्पशास्त्रातील संज्ञा माहीत नसतील, पण कोणती मूर्ती कोठे आहे हे तो नेमके सांगू शकतो.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. मंदिर, यात्रा व जत्रा यांचे वर्णन ‘लोकांचे खुले कलादालन’ असे करण्याचा मोह होतो. पण हे दालन सर्वांना खुले नव्हते. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाला अनेक मंदिरांच्या आत प्रवेश नव्हता. पंढरपूरच्या विठ्ठलमंदिराचे दार त्यांच्यासाठी उघडावे म्हणून साने गुरुजींना १९४७ मध्ये उपोषण करावे लागले, हे विसरून चालणार नाही. मंदिरात पैसे लागत नव्हते, पण जात विचारली जात होती. आधुनिक कलादालनाचे ऐतिहासिक महत्त्व या पार्श्वभूमीवर समजून घेतले पाहिजे. ज्या दारात कोणाची जात विचारली जात नाही असे स्थळ निर्माण होणे ही लहान गोष्ट नव्हे. म्हणून कलादालनावरील टीका ही त्याच्या जागी जुनी व्यवस्था आणण्यासाठी नसून त्याने दिलेले वचन पूर्ण व्हावे यासाठी आहे.

छापील चित्र आणि घराची भिंत

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चित्र सामान्य घरात पोहोचले ते मुद्रणामुळे. विष्णुशास्त्री चिपळूणकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७८ मध्ये पुण्यात चित्रशाळा छापखाना सुरू केला. देवदेवता आणि मराठ्यांच्या इतिहासातील पुरुष यांची रंगीत चित्रे तेथे छापली गेली. पुढे राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाछाप छापखाना काढला आणि काही वर्षांनी तो याच पुणे जिल्ह्यात, लोणावळ्याजवळील मळवली येथे हलविण्यात आला. योगायोग असा की, चित्रशाळा निघाली त्याच १८७८ साली दौंड-मनमाड लोहमार्गही सुरू झाला. इंग्रजी कागदपत्रांत ‘धोंड’ म्हणून नोंदले गेलेले हे गाव दक्षिणेकडील व उत्तरेकडील वाहतुकीचा सांधा बनले. माल, माणसे, वर्तमानपत्रे यांच्या जोडीने छापील चित्रांनाही दूरवर जाण्याचा मार्ग रेल्वेने दिला.

छापील चित्राने पाहण्याचा खर्च कमी केला आणि चित्र पाहणाऱ्याच्या मालकीचे केले. ओसरीवरच्या भिंतीला लावलेली लक्ष्मी-सरस्वती, रामपंचायतन, शिवछत्रपती ही चित्रे घरातील मंडळींबरोबर येणारा-जाणाराही पाहत असे. मात्र काय छापावे याचा निर्णय शहरातील छापखान्याचा होता. गावातील माणूस ग्राहक झाला, कर्ता झाला नाही. पुढील शतकात कलादालनांच्या बाबतीत हीच विभागणी वेगळ्या रूपात दिसते.

प्रदर्शनसंस्थांचा उदय

मुंबईत १८५७ मध्ये कलाशाळा सुरू झाली. तीच पुढे सर ज. जी. कला विद्यालय म्हणून प्रसिद्धीस आली. १८७२ मध्ये भायखळ्याला व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय, म्हणजे आजचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, लोकांसाठी खुले झाले. शेजारीच राणीचा बाग असल्यामुळे तेथे सहकुटुंब येणाऱ्या सामान्य लोकांची वर्दळ राहिली. वस्तूंचा संग्रह ‘पाहायला जाणे’ ही सवय लोकांनी सहज उचलली. पुण्यातही १८९० मध्ये औद्योगिक संग्रहालय स्थापन झाले. लॉर्ड रे यांच्या नावाने ओळखले गेलेले हे संग्रहालय आता महात्मा फुले वस्तुसंग्रहालय म्हणून परिचित आहे. तेव्हा ‘आपल्या लोकांना पाहण्याची आवड नाही’ हे विधान संग्रहालयांच्या इतिहासावरून तरी सिद्ध होत नाही.

१८८८ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे आर्ट सोसायटीने वार्षिक कलाप्रदर्शनांची परंपरा सुरू केली. प्रारंभी या संस्थेवर युरोपीय अधिकारी व हौशी चित्रकार यांचा प्रभाव होता. पुढे भारतीय कलावंतांनी तेथे आपले स्थान निर्माण केले. म. वि. धुरंधर यांना १८९५ मध्ये सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले, तर १८९६ मध्ये ग. का. म्हात्रे या तरुण शिल्पकाराच्या ‘मंदिरपथगामिनी’ने रसिकांचे लक्ष वेधले. १९१८ मध्ये आर्ट सोसायटी ऑफ इंडिया या संस्थेच्या स्थापनेने भारतीय कलावंतांना आणखी एक व्यासपीठ मिळाले. या संस्थांनी निवड, पारितोषिक आणि समीक्षा ही आधुनिक प्रदर्शनाची अंगे रुजविली. त्यामुळे गुणवत्तेला मान मिळाला. पण प्रदर्शन म्हणजे परीक्षकांनी पसंत केलेल्या कृतींचा संच, अशी व्याख्याही त्याबरोबर पक्की झाली. गावकीच्या, घरच्या व सणावाराच्या कलेला या व्याख्येत जागा नव्हती.

औंधचे उदाहरण

मोठ्या शहराबाहेर कलासंग्रह उभा राहू शकतो हे औंध संस्थानाने दाखवून दिले. सातारा जिल्ह्यातील औंधचे अधिपती भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार होते. त्यांनी १९३८ मध्ये श्रीभवानी संग्रहालय उभारले. रविवर्म्याची चित्रे, भारतीय लघुचित्रे, अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती, पाश्चात्त्य कलाकृती आणि हेन्री मूर यांचे ‘माता व बालक’ हे शिल्प असा संग्रह एका लहान गावात आला. नेमक्या याच सुमारास औंध संस्थानात गांधीजींच्या सल्ल्याने प्रजेच्या हाती कारभार सोपविण्याचा प्रयोगही झाला, ही गोष्टही अर्थपूर्ण आहे.

आपल्या विषयाच्या दृष्टीने या संग्रहालयाची जागा अधिक महत्त्वाची आहे. ते यमाईच्या डोंगरावर, देवीकडे जाणाऱ्या वाटेवर आहे. यात्रेकरू देवीला जातो आणि वाटेत चित्रे पाहतो. कलेसाठी स्वतंत्र प्रवास करण्याची अपेक्षा येथे ठेवलेली नाही. लोक ज्या वाटेने जातातच त्या वाटेवर कला नेलेली आहे. शिरूर तालुक्यातील कवठे येमाई येथेही यमाईचे स्थान आहे आणि तेथेही भाविकांचा राबता असतो. औंधसारखा संग्रह प्रत्येक गावी होणार नाही, हे उघड आहे. पण जागेच्या निवडीचा धडा कोठेही घेता येतो.

जहांगीर, बालगंधर्व आणि भाड्याचा प्रश्न

मुंबईत काळा घोडा परिसरात जहांगीर कलादालनाचे उद्घाटन २१ जानेवारी १९५२ रोजी मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्या हस्ते झाले. सर कावसजी जहांगीर यांनी आपल्या दिवंगत पुत्राच्या स्मरणार्थ दिलेल्या देणगीतून ही वास्तू उभी राहिली. तोपर्यंत चित्रकारांना सार्वजनिक सभागृहे व लहान जागांवर अवलंबून राहावे लागे. जहांगीरमुळे मध्यवर्ती ठिकाणी, तिकिटाविना चित्रे पाहण्याची कायमची सोय झाली. कचेरीत जाणारा कारकून, महाविद्यालयीन विद्यार्थी, परगावाहून आलेला पाहुणा हे सर्व तेथे डोकावू लागले. महाराष्ट्रातील अनेक कलाशिक्षकांच्या आयुष्यात ‘जहांगीर पाहिले’ ही एक आठवण असते.

पुण्यात महानगरपालिकेने उभारलेले बालगंधर्व रंगमंदिर २६ जून १९६८ रोजी सुरू झाले आणि त्याच वास्तूत कलादालनही आले. नाटकाला आलेला प्रेक्षक पडदा उघडण्यास अवकाश आहे म्हणून चित्रांकडे वळतो, हा येथील नित्याचा अनुभव. औंधमध्ये यात्रेने जे केले ते येथे नाटकाने केले. पाहण्याची सवय दुसऱ्या एखाद्या रुळलेल्या सवयीच्या आधाराने वाढते, असा निष्कर्ष यावरून काढता येतो.

आता दुसऱ्या बाजूचा विचार करू. प्रेक्षकाला दालन विनामूल्य असले तरी कलावंताला ते विनामूल्य नसते. त्याला दालनाचे भाडे भरावे लागते. चित्रांना फ्रेम, ने-आण, निमंत्रणपत्रिका, शहरातील मुक्काम आणि प्रदर्शनाच्या दिवसांतील रजा हा सर्व खर्च त्याच्याच अंगावर पडतो. शिवाय जहांगीरसारख्या दालनात तारीख मिळण्यासाठी कलावंतांना वर्षानुवर्षे थांबावे लागते. थोडक्यात, प्रेक्षकाचे तिकीट रद्द झाले आणि त्याची भरपाई कलावंताकडून होऊ लागली. ज्याची चित्रे विकली जाण्याची शक्यता आहे त्याला हा व्यवहार परवडतो. तालुक्याच्या गावी चित्रकला शिकविणारा शिक्षक, मूर्तिकार कुंभार, रांगोळी काढणारी गृहिणी किंवा कंपनीत पाळी करून चित्रे काढणारा तरुण यांना तो परवडत नाही. त्यामुळे सर्वांना पाहता येईल अशा दालनात मोजक्यांनाच मांडता येते. हा दोष कोणा एका संस्थेचा नाही. वास्तूची देखभाल, वीज, सेवकवर्ग यांचा खर्च कोणीतरी उचललाच पाहिजे. प्रश्न एवढाच की, ग्रंथालयाचा खर्च वाचकाबरोबर लेखकाकडूनही वसूल करावा असे आपण म्हणत नाही. मग कलादालनाच्या बाबतीत ते इतके स्वाभाविक का वाटावे?

समाजाची कला दालनात येते तेव्हा

तिसरा प्रश्न निवडीचा. वारली चित्रकलेचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. तत्कालीन ठाणे आणि आताच्या पालघर जिल्ह्यातील वारली समाजात लग्नप्रसंगी सुवासिनी घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहीत. ते चित्र विधीचा भाग होते. कोणा एकीच्या नावाने ते ओळखले जात नसे. भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांनी १९७० च्या दशकात ही कला कागदावर आली. जिव्या सोमा म्हसे यांच्या चित्रांचे प्रदर्शन १९७५ मध्ये मुंबईच्या केमोल्ड कलादालनात झाले. पुढे त्यांची कीर्ती जगभर पसरली आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. दालनामुळे एका उपेक्षित समाजाच्या कलेला प्रतिष्ठा व उपजीविका लाभली, हे निर्विवाद आहे. त्याचबरोबर विधीतून चित्र वेगळे झाले, स्त्रियांच्या सामूहिक कृतीची जागा प्रामुख्याने नावाने ओळखल्या जाणाऱ्या चित्रकाराने घेतली आणि निवड करणारे डोळे गावाबाहेरचे झाले. लाभ आणि हानी यांचा हिशेब येथे एकत्रच मांडावा लागतो.

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी येथे वेगळा मार्ग दिसतो. तेथील ठाकर समाजाची चित्रकथी व कळसूत्री बाहुल्यांची परंपरा लोप पावू लागली असता परशुराम गंगावणे यांनी कुटुंबीयांच्या साहाय्याने २००६ मध्ये गोठ्याच्या जागेत ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ हे संग्रहालय सुरू केले. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्रीने गौरविण्यात आले. येथे काय मांडावे आणि त्याविषयी काय सांगावे हे ती कला जगणारे लोकच ठरवितात. कोल्हापुरात रंगबहार संस्थेच्या ‘मैफल रंगसुरांची’ या उपक्रमात टाऊन हॉलच्या बागेत चित्रकार व शिल्पकार लोकांसमक्ष काम करतात आणि सोबत गायन-वादन चालते. तयार चित्राबरोबर चित्र होताना पाहण्याची संधी मिळाली की प्रेक्षकाचा संकोच कमी होतो. मुंबईत १९९९ पासून भरणाऱ्या काळा घोडा कला महोत्सवानेही चित्र रस्त्यावर आणण्याचे काम केले आहे.

शिरूर-दौंडमधील शक्यता

शिरूर व दौंड तालुक्यांत कलाप्रदर्शनाचे संस्कार नाहीत असे नाही; ते ‘कलाप्रदर्शन’ या नावाने ओळखले जात नाहीत इतकेच. सार्वजनिक गणेशोत्सवाला १८९३ पासूनची परंपरा आहे. पुण्यातील तुळशीबाग मंडळाची सजावट शिल्पकार डी. एस. खटावकर यांनी अनेक दशके केली. कलामहाविद्यालयात शिकविणारा कलावंत आणि रस्त्यावरचा प्रेक्षक यांची गाठ तेथे पडली. तालुक्याच्या गावांतील मंडळांचे देखावे हे त्याच परंपरेचे छोटे रूप आहे. दिवाळीतील मातीचे किल्ले, शाळांच्या स्नेहसंमेलनातील रांगोळी व हस्तकलेची दालने, बैलपोळ्याला रंगविलेली शिंगे आणि झुली ही सर्व विनामूल्य प्रदर्शनेच आहेत. त्यांना भाडे नाही आणि बाहेरचा परीक्षक नाही. मात्र ती चार-आठ दिवसांत मोडली जातात. त्यांची नोंद राहत नाही, कर्त्याचे नाव राहत नाही आणि त्यांवर चर्चा होत नाही.

या सर्वांमागे उभा असतो तो शाळेतील चित्रकला शिक्षक. एलिमेंटरी व इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांमुळे महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतील मुले रेखाटन, संकल्पचित्र व स्मरणचित्र यांचे प्राथमिक शिक्षण घेतात. परीक्षेनंतर या कामाचे काय होते? काही चित्रे फळ्यावर टाचली जातात, बाकीची रद्दीत जातात. शिक्षकाची स्वतःची चित्रे तर बहुधा घरच्या कपाटाबाहेर येत नाहीत. या दोन्ही तालुक्यांत शाळा, महाविद्यालये व नगरपालिकांची सभागृहे आहेत. उणीव आहे ती वर्षभर चालणाऱ्या, ठरावीक जागेच्या आणि कर्त्यांवर खर्च न लादणाऱ्या व्यवस्थेची.

इतिहासातून मिळणाऱ्या धड्यांच्या आधारे अशा व्यवस्थेची काही सूत्रे सांगता येतात. पहिले, दालन लोकांच्या वाटेवर असावे. बसस्थानक, बाजार किंवा वाचनालय यांच्या जवळची एक खोली दूरच्या देखण्या वास्तूपेक्षा अधिक उपयोगी ठरेल. प्रदर्शनाची वेळ आठवडी बाजार, यात्रा व उत्सव यांच्याशी जुळवावी. दुसरे, मांडणाऱ्याकडून भाडे घेऊ नये. फलक, दोरी व साध्या चौकटी दालनाच्याच असाव्यात. तिसरे, निवडसमितीत कलाशिक्षकांबरोबर कुंभार, मूर्तिकार व महिलामंडळांचे प्रतिनिधी असावेत आणि वर्षातून किमान एक प्रदर्शन निवडीविना, जे येईल ते मांडणारे असावे. चौथे, इनामगावच्या मृद्भांड्यांच्या छायाचित्रांचे व प्रतिकृतींचे एक कायमस्वरूपी दालन तयार करावे. आजच्या कुंभाराचा माठ आणि तीन हजार वर्षांपूर्वीचे चोचीचे भांडे शेजारी ठेवले तर कोणत्याही व्याख्यानापेक्षा अधिक समजेल.

पाचवे सूत्र महाविद्यालयांसाठी आहे. प्रत्येक प्रदर्शनाची छापील सूची करणे, कर्त्याचे नाव, गाव, साहित्य व वर्ष नोंदविणे, छायाचित्रे जपणे हे काम इतिहास व मराठी विभागांचे विद्यार्थी करू शकतात. महाराष्ट्राच्या कलेचा इतिहास आज शहरांचा इतिहास झाला आहे, कारण सूची, पारितोषिके व परीक्षणे शहरांतच छापली गेली. तालुक्यात कला झाली नाही म्हणून नव्हे, तर लिहून ठेवली गेली नाही म्हणून ती इतिहासाबाहेर राहिली.

समारोप

मंदिराने पैसे मागितले नाहीत, पण काहींना उंबऱ्याबाहेर ठेवले. छापील चित्राने भिंत दिली, पण निवड शहराकडे ठेवली. आधुनिक कलादालनाने जात व तिकीट दोन्ही दाराबाहेर काढले; मात्र भाडे, अंतर आणि निवड यांची नवी चौकट उभी केली. औंध, पिंगुळी व कोल्हापूर येथील अनुभव सांगतो की, ही चौकट अपरिहार्य नाही. शिरूर व दौंडसारख्या तालुक्यांना जहांगीरची लहान प्रतिकृती नको आहे. जेथे पाहणाऱ्याला संकोच नाही, मांडणाऱ्याला भुर्दंड नाही आणि जे मांडले त्याची नोंद राहते, अशी एक उजेडाची खोली त्यांना पुरेशी आहे. अनेक महाविद्यालयांत अशी एखादी खोली रिकामी असते. तिचे कुलूप काढण्याचा निर्णय प्राध्यापकवर्गाला स्वतःच घेता येण्यासारखा आहे.